मुलीला उठवावे की बसू द्यावे?

हनी त्रेहान यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘रात अकेली है’ 31 जुलै 2020 ला आला तेव्हा कोरोनामुळे चित्रपटगृहे बंद होती. त्यामुळे तो नेटफ्लिक्सवरून थेट घरात शिरला. घरात तिकीट तपासणारा नसतो, अन् मुलांना दारात अडवणाराही नसतो.

झाशीच्या एका मराठी गृहिणीने तो असाच पाहिला, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, सोळा वर्षांच्या लेकीला शेजारी घेऊन. राधिका आपटे म्हणजे आपल्यातलीच मुलगी, शिवाय कथा कानपूरकडची. तेव्हा पाहायला हरकत नाही, असे त्यांना वाटले.

पण सुरुवातीलाच रात्रीचा महामार्ग, ट्रकने गाठलेली मोटार, दोन खून आणि चामड्याच्या कारखान्यात प्रेतांची विल्हेवाट! बाईंनी मुलीला पाणी आणायला पिटाळले. इतके सगळे दाखवायलाच हवे होते का, हा त्यांचा पहिला आक्षेप. तो खराही आहे. मोटार येते अन् परत जात नाही, एवढे कळले असते तरी रहस्य तसूभर कमी झाले नसते.

पुढची कथा मात्र धरून ठेवते. म्हातारा जमीनदार रघुवीरसिंह लग्नाच्या रात्रीच मारला जातो. त्याची तरुण नवी नवरी राधा, जिला त्याने आधी ठेवून घेतले होते, तिच्यावरच घरच्यांचा संशय. तपासाला येतो इन्स्पेक्टर जटिल यादव, म्हणजे नवाजुद्दीन सिद्दीकी. स्वतःचे लग्न जमत नाही, सावळ्या रंगाची लाज वाटते म्हणून हा पठ्ठ्या गुपचूप गोरे होण्याची क्रीम लावतो! त्याच्या आईच्या भूमिकेत इला अरुण आहेत. बाईंना सगळ्यांत आवडली ती ही मायलेकांची जुगलबंदी. ‘सीआयडी’तला अभिजीत (आदित्य श्रीवास्तव) आमदार म्हणून समोर आला, तेव्हा मात्र लेकीला हसू आवरेना.

दुसरी तक्रार नातेवाइकांच्या गर्दीची. भाचा कोण, मेहुणा कोण, हे लक्षात येईपर्यंत अर्धा चित्रपट संपतो. संशयित स्त्रीच्या प्रेमात पडणारा पोलीसही त्यांना पटला नाही. अडीच तास जरा जास्तच झाले, शेवटचा उलगडा तर बराचसा बोलूनच होतो.

खुनी कोण, हे इथे सांगण्यात अर्थ नाही. पण खुनामागचे कारण बंदुकीपेक्षा भयंकर आहे. घरातल्या मुलीवर घरातल्याच वडीलधाऱ्याने केलेला अत्याचार, आणि अब्रूच्या नावाखाली दाबून ठेवलेले तोंड. तिथे रक्त दिसत नाही, आरडाओरडाही नाही. तरी अंगावर काटा येतो तो तिथेच.

त्या वेळी बाईंनी मुलीला पाणी आणायला पाठवले नाही. चित्रपट संपल्यावर तिने विचारले, ‘‘आई, घरात एवढी माणसं असून कुणाला कळलं कसं नाही?’’

‘‘कळलं होतं गं,’’ आई म्हणाली. मग त्या रात्री दोघी बराच वेळ बोलत बसल्या.

ग्वाल्हेरच्या जावेने फोनवर विचारले, चित्रपट कसा आहे? बाईंनी सांगितले, सुरुवातीची दहा मिनिटे एकटीने बघून घे, मग मुलीला बोलाव. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल.