तान्ह्याची झोप आणि आईची सोबत

पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील सुपा हे पारनेर तालुक्यातील गाव जुन्या माणसांना ओळखू येणार नाही इतके बदलले आहे. औद्योगिक वसाहत आली, जपानी उद्योगांसाठी राखलेला विभाग आला आणि त्यांच्यापाठोपाठ भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडणारी तरुण जोडपीही आली. अशाच एखाद्या खोलीतला दिवा रात्री दोन वाजता लागलेला असतो. सहा-सात आठवड्यांचे बाळ रडत असते. दुसऱ्या पाळीहून परतलेल्या बापाचा डोळा नुकताच लागलेला. आई बाळाला पाजते, खांद्यावर घेते, पुन्हा पाजते. बाळ काही शांत होत नाही.

सकाळ होते आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. सासूबाई गावाहून दूरध्वनीवर सांगतात, पोटाला वेखंडाचा लेप लाव. मावशी म्हणते, गुटीत जायफळाचे दोन वेढे अधिक दे. शेजारणीचा अनुभव असा की, डब्याचे दूध सुरू केल्यापासून तिचे मूल रात्रभर गाढ झोपते. औषधाच्या दुकानात ग्राइप वॉटरची बाटली पुढे येते. आणि या साऱ्यांत कोणीतरी, अगदी मायेने, ते एक वाक्य उच्चारते : ‘तुझं दूधच पुरत नसेल गं त्याला.’

तान्ह्या मुलाच्या संगोपनात याहून महाग पडणारे वाक्य दुसरे नसेल.

आईच्या दुधाचा हिशेब साधा आहे. बाळ जितके ओढते, तितके दूध तयार होते. नवजात मूल चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते. त्याचे पोट लहान, दूध लवकर पचणारे, म्हणून त्याची झोपही तुकड्यातुकड्यांची. दूध तयार करणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण रात्री अधिक असते. म्हणजे ज्या रात्रीच्या पाजण्याचा एवढा जाच वाटतो, त्याच पाजण्यावर दुसऱ्या दिवसाचे दूध अवलंबून असते. बाळाचे रडणेसुद्धा पहिल्या आठवड्यांत वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास टोक गाठते आणि तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप ओसरते. त्या टोकाच्या दिवसांत निरोगी, पोटभर प्यालेले बाळही तासन्‌तास रडू शकते.

हे ठाऊक नसलेल्या आईच्या कानी ते वाक्य पडले की, पुढचे सारे ठरल्यासारखे घडते. एक बाटली ‘फक्त रात्रीपुरती’ घरात येते. वरच्या दुधाने पोट जड झालेले मूल एक वेळ अंगावर पीत नाही. तेवढे दूध कमी तयार होते. मग दुसरी बाटली येते. दोन-तीन आठवड्यांत आईचे दूध खरोखरच पुरेनासे होते आणि सल्ला देणारी माणसे म्हणतात, ‘बघ, सांगितलं होतं ना?’ दूध पुरते आहे की नाही, याची खूण रडण्यात नसून लंगोटात आहे. पहिला आठवडा उलटल्यावर दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. हे मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. ते मोजून धीर देणारे माणूस मात्र लागते.

पूर्वी हे माणूस घरातच असे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाई, सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीबाहेर तिला कामाला हात लावू दिला जात नसे, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर तिच्यापुढे येई, आणि बाळ रडले तर उचलायला आजी, आत्या, काकू असत. या व्यवस्थेचे शहाणपण मान्य करण्यात संकोच नको. उष्टावण सहाव्या महिन्यात करावे, ही आपली रीत. जागतिक आरोग्य संघटना पूर्वी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वरचे अन्न सुरू करावे असे सांगे. पहिले सहा महिने निव्वळ आईचेच दूध द्यावे, असा स्पष्ट निर्वाळा मिळाला तो २००१ साली. आजीचे पंचांग येथे बरोबर ठरले.

पण आजीचे सारेच बरोबर होते, असे म्हणणे हा अभिमान झाला. ते ज्ञान म्हणता येणार नाही. पहिला घट्ट, पिवळसर चीक ‘वाईट’ म्हणून पिळून टाकण्याची चाल अनेक घरांत होती. वस्तुतः तेच बाळाचे पहिले संरक्षण. जन्मताच मधाचे बोट चाटवणे अनेकांना संस्काराइतकेच पवित्र वाटते. परंतु एका वर्षाच्या आतील बाळाला मधातून एका विशिष्ट जिवाणूची घातक विषबाधा होण्याचा धोका असतो. सहाणेवरील गुटी कोणत्या पाण्यात उगाळली, सहाण किती स्वच्छ होती, जायफळाचे वेढे किती झाले, हे कोणी मोजत नाही. आणि जायफळाने येणारी झोप ही तृप्तीची झोप नसते. बंद खोलीतली ओव्याची धुरी कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. तेल लावून अंग चोळणे, अंगाई, मऊ दुपट्यात गुंडाळणे, आईच्या कुशीची ऊब, हे सारे जरूर राखावे. फक्त निजवताना बाळाला पाठीवर निजवावे आणि गुंडाळणे सैल ठेवावे. परंपरेवर ज्यांचे खरे प्रेम आहे, त्यांनीच ही निवड केली पाहिजे, कारण त्यांच्या सांगण्याला घरातील वडीलधारी मान देतील.

झोपेच्या या प्रश्नाची एक काळी बाजूही आहे आणि पारनेरकरांनी ती विसरू नये, कारण या दुष्काळी तालुक्यातील कितीतरी कुटुंबांनी पोटासाठी मुंबई गाठली होती. त्या मुंबईत १९२२ साली गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणांची सरकारतर्फे चौकशी झाली. डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी ती केली. या स्त्रियांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव अर्भकांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. ‘बाळगोळी’ या गोंडस नावाने ती मिळे. त्या आया निर्दय होत्या का? बाळंतपणानंतर काही दिवसांतच पाळीवर हजर व्हायचे, खोलीत बाळाजवळ कोणी नाही, आणि कामावर न जावे तर चूल पेटत नाही. बाळ दिवसभर निजून राहावे, एवढाच मार्ग तिला उरला होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकाचे समर्थन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका घेतली आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. बाळगोळीचे मूळ आईच्या अडाणीपणात शोधणाऱ्यांना त्या काळीही तोटा नव्हता. ते मूळ तिच्या पाळीत होते.

जिथे आई एकटी पडते, तिथे विकणारा पोहोचतो. अफूची गोळी गेली. डबा आणि बाटली आली. भारताने १९९२ साली कायदा करून शिशुदुग्धपर्यायांच्या जाहिरातीला बंदी घातली आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या खाद्यांनाही तिच्यात ओढले. जगात याहून कडक कायदे थोडेच असतील. तरीही २०२४ साली स्वित्झर्लंडमधील ‘पब्लिक आय’ या संस्थेने दाखवून दिले की, ‘सेरेलॅक’ या बाळखाद्यात भारतात साखर घातलेली असते आणि त्याच कंपनीच्या मायदेशी मात्र ती नसते. या विषयावर अधिक काही लिहिण्याची आवश्यकता नाही.

काही थोड्या मातांना खरोखरच दूध कमी येते, काही आजारी असतात, काही बाळे अपुऱ्या दिवसांची असतात. त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे लागते आणि त्यात कोणताही कमीपणा नाही. बाटली घेणाऱ्या आईला अपराधी ठरवणारी मंडळी, ‘दूध पुरत नाही’ म्हणणाऱ्यांइतकीच तिच्या झोपेचे खोबरे करतात.

मग सल्ला कोणी द्यावा? याचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यानेच फार पूर्वी देऊन ठेवले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले आणि गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. डॉक्टराचे सांगणे जिथे पोहोचत नव्हते, तिथे शेजारच्या आळीतली बाई पोहोचली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी हीच वाट नवजात बाळांसाठी चोखाळली. ३९ गावांतील प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन बाळ पाहू लागल्या आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. आज आशाताई घरी येते, तिचे मूळ या कामांत आहे.

आशाताईच्या भेटींचे वेळापत्रक मात्र लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिच्या सहा भेटी ठरलेल्या. शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतर २०१८ साली सुरू झालेल्या योजनेनुसार तिने यायचे ते थेट तिसऱ्या महिन्यात. या दोन भेटींमध्ये सात आठवडे जातात. रडण्याचे टोक याच सुमारास येते, माहेराहून सासरी परतणे बहुधा याच काळात घडते, आणि ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य याच दिवसांत उच्चारले जाते. रुग्णालयातील व्यवस्था सुधारली, तरी तेवढ्याने भागत नाही, हे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही दिसले : देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाली, पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले ४१.८ टक्केच होती.

कामावर जाणाऱ्या आईसाठी २०१७ साली सव्वीस आठवड्यांची रजा आली; पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले; दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. कंत्राटावर राबणारी स्त्री त्या मागायला धजते का, हे सुप्यासारख्या वसाहतीतील कारखानदारांनी आणि कामगार संघटनांनी स्वतः जाऊन पाहावे. बापाचे काय? केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्वरजा मिळते. खासगी कारखान्यातील बापाला तसा कायदेशीर हक्क नाही. ढेकर काढणे, लंगोट बदलणे, पहाटे बाळ खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालणे, यांसाठी मात्र रजा लागत नाही.

त्या सात आठवड्यांसाठी नवी योजना, निधी किंवा उद्घाटन यांपैकी काहीही लागणार नाही. प्रत्येक आळीत ज्यांची मुले मोठी झाली आहेत अशा दोन-चार स्त्रिया असतात. आशाताईने त्यांच्यासोबत एक-दोन दुपारी बसावे. बाळ छातीशी कसे धरायचे, लंगोट कसे मोजायचे, मध आणि जायफळ का नको, हे त्यांना सांगावे. बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्तावले, तापले, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठायचे, हेही सांगावे. बेचाळिसाव्या दिवशी निघताना आशाताईने त्या बाळंतिणीला यांपैकी एकीचे घर दाखवून ठेवावे, आणि त्या घरातील माणसांना कळवावे की, रात्री दोन वाजता दार वाजले, तर ते कशासाठी वाजले असेल.