तिसऱ्या रात्रीची सिस्टर

अस्थिरोग वॉर्डात काम केलेल्या कोणत्याही सिस्टरला विचारा, पुढचं वर्णन ती स्वतःच पुरं करून देईल. मोटारसायकलवरून पडलेला चाळिशीचा माणूस, मांडीचं हाड मोडलेलं. पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. दुखण्यामुळे होत असेल, असं घरचे म्हणतात. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला तो मोडक्या पायानिशी उठू पाहतो, चादरीवर नसलेले किडे वेचत राहतो, वॉर्डच्या मामांना आपल्या भावाच्या नावानं हाका मारतो, सलाइन ओढून काढतो. चौघं मिळून त्याला धरतात आणि गॉजच्या पट्टीनं हात पलंगाला बांधतात. आजूबाजूचे रुग्ण म्हणतात, वेड लागलं. केसपेपर उघडून पाहिला तर ‘रोज किती पिता?’ हा प्रश्न कुणी विचारल्याची नोंदच नसते.

त्याला वेड लागलेलं नसतं. ज्या क्षणी तो पडला, त्या क्षणी त्याची दारू बंद झाली. वर्षानुवर्षांच्या दारूनं मेंदूला गुंगवून ठेवलेलं असतं आणि त्या गुंगीशी झगडत कामकाज चालू ठेवायला मेंदूनं स्वतःला जास्त उत्तेजित राहायची सवय लावून घेतलेली असते. दारू अचानक थांबली की गुंगी जाते, उत्तेजना तेवढी उरते. पहिल्या काही तासांतच हातांना कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना हा भ्रम होतो. नीट उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. उपचार मात्र अवघड नाहीत आणि महागही नाहीत. पहिल्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, एवढीच अट आहे.

हे ‘कुणीतरी’ म्हणजे कोण? डॉक्टरांचा राउंड सकाळी होतो. हाड बसवणाऱ्या शल्यविशारदाचं लक्ष हाडावर असतं, आणि ते असायलाच हवं. रुग्णाचा हात हातात घेऊन नाडी मोजणारी, त्याचा घाम पाहणारी, रात्री दोनला जागी असणारी व्यक्ती एकच असते. म्हणून या वर्षीच्या अंकाचं पहिलं पान आम्ही एका मागणीला देत आहोत: व्यसनोपचारातली शुश्रूषा ही स्वतंत्र विशेषज्ञता मानावी, आणि त्यासाठी परिचारिकांना वेतनासह फेलोशिप मिळावी.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर हा विषय कशाला, असं काही वाचकांना वाटेल. त्यांच्यासमोर देशातली स्थिती ठेवतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’च्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्रानं केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कुठला ना कुठला उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० जणांमागे एकाला. उरलेले कुठे असतात? आपल्या घरात, गल्लीत, आणि आज ना उद्या रुग्णालयात. पण ते येतात हाड मोडलं म्हणून, कावीळ झाली म्हणून, रक्ताची उलटी झाली म्हणून. व्यसनमुक्ती केंद्राची पायरी न चढलेला माणूस जनरल वॉर्डात केव्हाच पोचलेला असतो, आणि तिथे त्याला ओळखण्याची जबाबदारी जिच्यावर पडते तिला त्याचं शिक्षण नावापुरतंच मिळालेलं असतं.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मानसिक आरोग्य हा विषय आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत विद्यार्थिनींची पोस्टिंगही होते. पण व्यसन हे त्या विषयातलं एक प्रकरण. परीक्षेत त्यावर प्रश्न आला तर आला. पुढे भारतीय परिचर्या परिषदेच्या वर्षभराच्या पदविका आहेत: अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू, मनोरुग्ण शुश्रूषा. व्यसनोपचार इथेही मनोरुग्ण शुश्रूषेच्या पोटातच राहतो. डॉक्टरांसाठी मात्र देशातल्या मोजक्या मोठ्या संस्थांमध्ये व्यसन-मनोविकारशास्त्रात डी.एम. ही सर्वोच्च पदवी आहे, म्हणजे हे वेगळं शास्त्र आहे हे आपण मान्य केलेलं आहे. मान्यता अर्ध्याच टीमला मिळाली.

या कामात नर्सचं मोल किती, हे मोजून दाखवणारा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. १९९४ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयात, दारू सोडताना दाखल झालेल्या १०१ रुग्णांवर तो झाला. एका गटाला ठरलेल्या वेळापत्रकानुसार गोळ्या दिल्या आणि गरज वाटली तर जादा. दुसऱ्या गटात नर्सनं ठरावीक वेळानं रुग्ण तपासायचा आणि लक्षणं वाढलेली दिसली तरच गोळी द्यायची. तपासायला दहा लक्षणांचा तक्ता होता: मळमळ, कंप, घाम, अस्वस्थता, भास, डोकेदुखी, स्थळकाळाचं भान वगैरे. प्रत्येकाला गुण द्यायचे, बेरीज जास्तीत जास्त ६७. हे काम पाच मिनिटांत होतं. वेळापत्रकाच्या गटात अगदी मधल्या क्रमांकाच्या रुग्णाला (मध्यक) ६८ तास औषध घ्यावं लागलं आणि ४२५ मिलिग्रॅम लागलं. नर्सच्या तपासणीवर चाललेल्या गटात ९ तास आणि १०० मिलिग्रॅम. औषध दोन्हीकडे तेच होतं. दुसरीकडे ते केव्हा द्यायचं हे नर्सच्या नजरेनं ठरलं, आणि ती नजर शिकवून तयार केलेली होती.

अशा कितीतरी गोष्टी शिकवाव्या लागतात. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्याला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्यायला हवं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बाटली लावणारे हात नर्सचे असतात. यकृत खराब झालेल्या रुग्णाला कुठली झोपेची गोळी चालते आणि कुठली अंगात साचत जाते, हे तिला ठाऊक हवं. ब्राऊन शुगर घेणाऱ्यांच्या तोंडी ‘टर्की’ हा शब्द असतो. नशा उतरल्यावर हाडं फोडून काढल्यासारखी होणारी ती अवस्था. तिच्यावर ब्युप्रेनॉर्फिन हे औषध उत्तम चालतं, पण टर्की पुरेशी सुरू होण्याआधीच दिलं तर औषधच ती भडकवतं. रुग्ण पळून जातो आणि वस्तीत सांगतो, तिकडे जाऊ नका. एका चुकीच्या तासानं पुढची दहा माणसं दुरावतात.

एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात देशभर जी ओएसटी (नशेच्या जागी पर्यायी औषध देणारी) केंद्रं चालतात, तिथे हेच औषध रोज दिलं जातं. गोळीची पूड करून जिभेखाली ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत समोर थांबायचं, हे काम नर्सचं. डॉक्टर अधूनमधून भेटतात. महिनोन्महिने रोज भेटते ती नर्स. आज डोळे लाल का, हातावर नवी खूण कुठली, तीन दिवस का आला नाहीस, घरी बायको बोलते का, हे सगळं त्या काही मिनिटांत कळतं किंवा निसटतं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं या कामाला रीतसर रूप दिलं. अमली औषधांच्या अतिमात्रेनं माणसं मरू लागली तेव्हा तिथे एप्रिल २०१६ मध्ये सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली. प्रांताच्या व्यसन-संशोधन केंद्रानं डॉक्टरांच्या जोडीनं नर्सेससाठीही फेलोशिप सुरू केली, रुग्णालय आणि वस्ती अशा दोन्ही ठिकाणी अनुभव देणारी. सप्टेंबर २०२० मध्ये प्रांताच्या मुख्य आरोग्य अधिकारी डॉ. बॉनी हेन्री यांनी नोंदणीकृत नर्सना व्यसनावरची औषधं लिहून देण्याचा अधिकार दिला, आणि पुढच्या वर्षी प्रशिक्षित नर्स ब्युप्रेनॉर्फिन लिहून देऊ लागल्या. म्हणून मृत्यू थांबले नाहीत. २०२३ मध्येही तिथे अडीच हजारांच्या आसपास माणसं गेली, कारण रस्त्यावरच्या मालात फेंटानिल हे अतितीव्र अमली औषध भरलेलं आहे आणि त्या विषापुढे कुठलीही एक योजना अपुरी पडते. तरी जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे उपचार सुरू करू शकणारी एक नर्स उभी राहिली, याचं मोल मला कमी वाटत नाही. आपल्या तालुक्या-तालुक्यांत मनोविकारतज्ज्ञ नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. अनिल अवचट यांनी गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या मुलांवर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदत पुढे केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. व्यसनी माणसाशी गुन्हेगार म्हणून न बोलता मित्र म्हणून बोलायचं, हे त्या घरानं मराठी समाजाला शिकवलं. व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथे कार्यकर्ते झाली. मराठी वाचकाच्या मनातलं व्यसनमुक्तीचं चित्र त्या कार्यकर्त्यांचं आणि समुपदेशकांचं आहे. त्या चित्रात नर्स अजून मागच्या रांगेत आहे, आणि तिला पुढे आणायचं काम त्याच परंपरेचं आहे असं मी मानतो.

प्रशिक्षणात औषधांइतकाच दुसरा एक धडा लागतो. वॉर्डात ‘बेवडा’ हा शब्द सहज येतो. त्याला पाणी उशिरा मिळतं, वेदनाशामक नाकारलं जातं, नाटक करतो असं म्हटलं जातं. यात नुसता निष्ठुरपणा नाही. नाइट ड्युटी करणाऱ्या कितीतरी सिस्टर ज्या घरातून आलेल्या असतात तिथे वडील, नवरा किंवा भाऊ पितो. पगाराच्या दिवशी पर्स लपवणाऱ्या बाईला आठ तास दुसऱ्या दारुड्याची उलटी पुसायला लावायची आणि वर प्रेमानं वागण्याची अपेक्षा करायची, हे अन्यायाचं आहे. चांगल्या फेलोशिपमध्ये तिला हे बोलायला जागा हवी, अनुभवी मार्गदर्शक हवा, तिच्या घरच्या प्रश्नावर मदतही हवी. तिच्या रागाची दखल घेतल्याशिवाय रुग्णाबद्दलची आस्था तिच्याकडून मागता येणार नाही.

आणि शेवटी पदाचा प्रश्न. सरकारी रुग्णालयांत परिचारिकांच्या एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात बदल्या होत राहतात. वर्षभर शिकून आलेल्या सिस्टरला सहा महिन्यांत नेत्र विभागात पाठवलं, तर शिक्षणावरचा खर्च वाया जातो आणि तिचीही उमेद जाते. म्हणून फेलोशिपबरोबर जिल्हा रुग्णालयात व्यसनोपचार नर्सचं मंजूर पद हवं. सगळ्या वॉर्डांत जाऊन रुग्ण पाहण्याचा, तक्त्यावरचे गुण वाढले तर ठरवून दिलेलं औषध सुरू करण्याचा अधिकार त्या पदाला हवा, वेतनश्रेणीत त्याचा फरक दिसायला हवा, आणि ते ब्रदरनाही खुलं हवं. सुरुवात चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपासून करता येईल. तिथे रुग्ण आहेत, शिकवू शकणारे मनोविकारतज्ज्ञ आहेत, वसतिगृहं आहेत. या अंकाच्या वाचकांत आमदार आहेत, नर्सिंग महाविद्यालयांच्या प्राचार्य आहेत, सार्वजनिक आरोग्य विभागातले अधिकारी आहेत. त्यांच्यापैकी कुणी पहिल्या तुकडीचा प्रस्ताव लिहायला बसणार असेल, तर लागेल ती माहिती, भाषांतरं आणि पानं आम्ही देऊ.