लॅपटॉपची किल्ली कुणाच्या कनवटीला?

काही वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रातला लॅपटॉप अचानक सुरू होईनासा झाला. दुसऱ्या दिवशी एका प्रकरणाची कोर्टात तारीख होती आणि त्या बाईचे सगळे कागद आत अडकलेले. आम्ही दोघी धावत बाजारपेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार तसा भला माणूस. संध्याकाळी म्हणाला, "ताई, काळजी करू नका, सगळा डाटा मी माझ्याकडे काढून घेतलाय." आम्ही आभार मानले, पैसे दिले आणि लॅपटॉप घेऊन आलो.

रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर डोक्यात प्रकाश पडला. 'माझ्याकडे' म्हणजे कुणाकडे? चार वर्षांत केंद्रात आलेल्या प्रत्येक बाईचे नाव, तिचा माहेरचा पत्ता, सध्या ती जिथे लपून राहते आहे तो पत्ता, नवऱ्याने काय काय केले याचा तिच्या शब्दांतला जबाब, हे सगळे त्या दुकानातल्या एका पेनड्राइव्हवर होते. आणि ज्यांच्याविरुद्ध या नोंदी होत्या त्यांपैकी कितीतरी नवऱ्यांची ऊठबस त्याच गल्लीत. सकाळी जाऊन ते पुसायला लावले. 'पुसले' असे तो म्हणाला. आम्हाला तपासता येत नव्हते, म्हणून आम्ही विश्वास ठेवला.

मैत्रिणींनो, हा लेख त्या 'तपासता येत नव्हते' या तीन शब्दांबद्दल आहे.

कागदाच्या फायली होत्या तेव्हा आपण किती जपत होतो! कपाटाला कुलूप, किल्ली एकीच्या पर्समध्ये, दुसरी किल्ली बाजूच्या विश्वासातल्या बाईकडे. फाइल बाहेर न्यायची नाही असा ठराव. मग कॉम्प्युटर आला आणि तेच कपाट आपण उघडे टाकून दिले. प्रत्येक संघटनेत एक 'कॉम्प्युटरचं बघणारा' असतो. कुणाचा तरी भाऊ, कार्यकर्तीचा मुलगा, नाहीतर कोपऱ्यावरचा दुकानदार. तो येतो, भराभर बटणे दाबतो, चहा पितो आणि 'आता बघा, मक्खन चालेल' म्हणून जातो. त्याने काय केले, हे आपण विचारत नाही. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर बाईचे नाव हवे म्हणून मोर्चे काढणाऱ्या आपण, आपल्या लढ्याचा सातबारा ज्या यंत्रात आहे त्याची मालकी कुणाची, हे कधी पाहिलेच नाही.

आता हा प्रश्न दारात येऊन उभा राहिला आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ घ्यायची तर यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर असावा लागतो. देणगीत मिळालेले, कुणीतरी वापरून दिलेले जुने लॅपटॉप ज्या संस्थांकडे आहेत, त्यांची यंत्रे धडधाकट असूनही एका दिवसात 'कालबाह्य' ठरली. कंपनीने मुदतवाढ विकायला काढली. संस्था-कंपन्यांना पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. घरगुती वापरासाठी फक्त एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आमच्या दुकानदाराचा सल्ला सोपा होता: "मॅडम, टाकून द्या, नवीन घ्या."

टाकून द्या म्हणजे कुठे टाका? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या २२.३ टक्क्यांच्याच रीतसर पुनर्वापराची नोंद आहे. उरलेला बराचसा कुणाच्या हाती जातो, हे कचरा वेचणाऱ्या बायकांच्या संघटनांबरोबर काम केलेल्यांना सांगायला नको. तार जाळून तांबे काढणाऱ्या, उघड्या हाताने पट्ट्या फोडणाऱ्या वस्तीतल्या बायका आणि पोरे. आपण 'जुना झाला' म्हणून टाकलेला लॅपटॉप फिरून बाईच्याच अंगावर येतो.

आम्ही टाकले नाहीत. पाचांपैकी चार लॅपटॉपमधली मूळची प्रणाली आम्ही स्वतः काढली आणि तिथे लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली घातली. 'स्वतः' या शब्दावर जोर आहे. हे काम आमच्यातल्या तिघींनी केले. त्यांतली एक बारावी नापास आणि एक पन्नाशी उलटलेली.

मुक्त प्रणाली म्हणजे काय? अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये एक प्रकल्प जाहीर केला. कॉम्प्युटर चालवणारी आज्ञावली ही कंपनीच्या तिजोरीतले गुपित न राहता सर्वांची असावी, ही कल्पना. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला, तो लिनक्स. तेव्हापासून जगभरची माणसे त्यात भर घालत आली. तिचा परवाना चार गोष्टी देतो: ती हव्या त्या कामाला वापरा, उघडून पाहा, दुसरीला द्या, बदला. अट एवढीच की बदललेली वाटाल तेव्हा तीही याच अटींवर वाटा. जात्यावर बसलेल्या बायकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ओवी कुणा एकीची नसते. आईकडून आलेली, सासरी येऊन बदललेली, शेजारणीने एक कडवे जोडलेली, आणि तरी सगळ्यांची. 'ही ओवी माझी, गायचे तर पैसे टाक' असे कुणी म्हटले असते, तर आज आपल्याकडे ओव्या उरल्या असत्या का?

बैठकीत आमच्याच एका ज्येष्ठ मैत्रिणीने विचारले, "बाईवर अत्याचार होतायत आणि तुम्ही कॉम्प्युटरची खुळं काय काढून बसलात? हा स्त्रियांचा प्रश्न आहे का?" तिच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण हे म्हणणे मला साफ चुकीचे वाटते. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते आणि इंटरनेट मागते. तुम्ही नीट लक्ष दिले नाही, तर डेस्कटॉपवरच्या फायली कंपनीच्या दूरच्या साठवणीत आपोआप जाऊ लागतात. मे २०२४ मध्ये याच कंपनीने नव्या यंत्रांसाठी 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली. यंत्र दर थोड्या वेळाने पडद्याचे चित्र टिपून ठेवणार, म्हणजे तुम्ही काय पाहत होता ते नंतर शोधता येईल. जगभर टीका झाल्यावर ती लांबणीवर पडली आणि वापरणाऱ्याने स्वतः चालू केली तरच चालेल, अशा रूपात एप्रिल २०२५ मध्ये आली. आता डोळ्यांपुढे ते घर आणा, जिथे लॅपटॉपचा पासवर्ड नवरा ठरवतो. बायकोने चोरून आपल्या केंद्राचा पत्ता शोधला, वकिलाला पत्र लिहिले, सगळे पुसले. आणि यंत्राने मात्र ते चित्र जपून ठेवले. ही सोय बनवणाऱ्यांच्या मनात ती बाई एकदा तरी आली असेल का? ज्या यंत्रात काय चालते हे उघडून पाहायला मनाई आहे, तिथे आपल्याला कंपनीच्या शब्दावरच भरवसा ठेवावा लागतो. दुकानदाराच्या 'पुसले'वर ठेवला तसाच.

दुसरा आक्षेप: "फुकटातलं आहे, चालेल का? आपल्या बायकांना जमेल का?" आपल्या बायकांबद्दल ही शंका आपणच घ्यावी, याचे वाईट वाटते. केरळमधल्या सरकारी शाळांनी हे कधीच करून दाखवले आहे. २००१ साली सुरू झालेल्या त्यांच्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने पुढे मुक्त प्रणाली स्वीकारली आणि २०१९ पर्यंत ती दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरवर चालवण्याची तयारी केली. तिथे शिकवणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत. त्यांना जमले. आमच्या पन्नाशीच्या ताईंनी आठवड्याभरात लिब्रेऑफिसमध्ये अहवाल टाइप केला. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक आतच असतो. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठी रूपात मिळतात, आणि त्यांतला एखादा मराठी शब्द खटकला तर तो बदलण्याच्या कामात तुम्हीही सामील होऊ शकता. कंपनीच्या प्रणालीत तो आपल्या हातात नसतो. आपल्या जुन्या अंकांचे काय झाले आठवते ना? पूर्वी ज्या खासगी फाँटांत ते जुळवले, ते फाँट नसले की आज त्या फायलींत नुसता अक्षरांचा कचरा दिसतो. आपलेच लेख आपल्याला वाचता येईनात, याहून मोठे परावलंबन कोणते?

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेते, कारण तो खरा आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे जग म्हणजे काही स्त्रीमुक्तीचे जग नव्हे. तिथेही पुरुषांचीच गर्दी आहे आणि स्वातंत्र्याची भाषा बोलणारे पुरुष आपण चळवळीत पुरेसे पाहिले आहेत. जेफ्री एपस्टीन प्रकरणाच्या संदर्भात लैंगिक शोषणाविषयी केलेल्या विधानांवरून टीका झाल्यावर स्टॉलमन यांनी २०१९ मध्ये आपल्याच संस्थेचे अध्यक्षपद सोडले, आणि २०२१ मध्ये ते तिच्या संचालक मंडळात परतले तेव्हा पुन्हा मोठा निषेध झाला. टोरवाल्ड्स यांनी सहकाऱ्यांना वर्षानुवर्षे शिवराळ भाषेत लिहिले आणि २०१८ मध्ये त्याची जाहीर माफी मागितली. हे लपवून मला तुम्हाला काही विकायचे नाही. पण बायकांनी काय केले तेही पाहा. २००४ मध्ये डेबियन या प्रणालीतल्या बायकांनी आपला वेगळा गट उभारला. २००६ मध्ये ग्नोम प्रकल्पाकडे उन्हाळी प्रशिक्षणासाठी दीडशेहून अधिक अर्ज आले, त्यांत बाईचा एकही नव्हता. मग त्यांनी खास बायकांसाठी कार्यक्रम काढला आणि शंभरच्या आसपास अर्ज आले. बायका नव्हत्या असे नाही, त्यांना बोलावलेच नव्हते! तोच कार्यक्रम पुढे 'आउटरीची' म्हणून वाढला. दरवाजा आतून थोडा उघडला आहे. तो पूर्ण उघडायचा, तर आपण उंबऱ्यावर तरी जायला हवे.

आता आमचा अनुभव, चुकांसकट. आधी सगळ्या फायलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी काढा आणि त्या उघडतात का ते पाहा. नव्या यंत्रात विंडोजची डिस्क आधीच कुलूपबंद असू शकते. तिची किल्ली लिहून घेतल्याशिवाय हात लावू नका. मिंटची प्रत आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन ती तिथूनच चालवून पाहता येते, आतले काही न पुसता. वाय-फाय, प्रिंटर, आवाज चालतो का ते तपासा. आमचा एक प्रिंटर दोन दिवस रुसला होता. चार जीबी मेमरीच्या यंत्राला मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पुरते. बसवताना डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय विचारला जातो, तो घ्याच. लॅपटॉप चोरीला गेला किंवा बंद करून दुकानात दिला, तरी सांकेतिक वाक्याशिवाय आतले वाचता येत नाही. पण ते वाक्य विसरलात तर तुम्हालाही मिळणार नाही. आम्ही ते कागदावर लिहून, लखोटा बंद करून त्याच जुन्या कुलपाच्या कपाटात ठेवले आहे.

काही गोष्टी जमत नाहीत. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. सरकारी संकेतस्थळांवर डिजिटल सही करताना अडचण येते. म्हणून हिशेबाचा एक लॅपटॉप आम्ही विंडोजवरच ठेवला, पण त्यात एकाही बाईची नोंद नाही. आणि लिनक्स घातले म्हणजे सगळे झाले असेही नाही. नोंदी व्हॉट्सॲपवर फिरवल्या तर कोणतीही प्रणाली वाचवणार नाही. बाईच्या फोनमध्ये नवऱ्याने पाळत ठेवणारे काही घातले असेल, तर त्याचा शोध वेगळाच घ्यावा लागेल.

प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत हे विषयपत्रिकेवर घ्यावे. चालू यंत्र भंगारात द्यायचे नाही. बायकांच्या नोंदी असलेले यंत्र कुलूपबंद डिस्कशिवाय वापरायचे नाही. यंत्राची देखभाल निदान दोघींना आली पाहिजे, कारण एकीलाच आली तर उद्या तीच आपली 'कॉम्प्युटरचं बघणारी' होऊन बसेल. देणगीदार नवे यंत्र देऊ करतील, तेव्हा त्यांना सांगायचे की यंत्र नको, दोघींच्या प्रशिक्षणाचा खर्च द्या.

गेल्या महिन्यात आमचा एक लॅपटॉप पुन्हा बंद पडला. आमच्या बारावी नापास मैत्रिणीने मागचे स्क्रू काढले, मेमरीची पट्टी पुसून परत बसवली आणि पेनड्राइव्ह लावून आतले सगळे ठीक आहे का ते स्वतः पाहिले. त्या दिवशी केंद्रात नोंद द्यायला आलेली बाई हे बघत बसली होती. जाताना तिने विचारले, "हे मला शिकवाल का?"