ॲडमिरल आवटी यांचे स्मरण आणि आपले मामा तलाव

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गोंदिया जिल्ह्यातील निवासी शाळेच्या स्मरणिकेत एका नौदल अधिकाऱ्याचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांच्या जीवनाकडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले की या प्रश्नाचे उत्तर मिळते.

1927 साली जन्मलेले आवटी 1971 च्या युद्धात आयएनएस कामोर्टा या युद्धनौकेचे कप्तान होते. त्या युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. पुढे पश्चिम नौदल विभागाचे प्रमुखपद सांभाळून ते 1983 साली निवृत्त झाले आणि फलटणजवळच्या विंचुर्णी या लहानशा गावी जाऊन राहिले. माळरान, पशुपक्षी आणि वन्यजीवांचे संवर्धन यांत त्यांचे मन रमले. नोव्हेंबर 2018 मध्ये त्यांचे निधन झाले.

तथापि त्यांचे सर्वांत मोठे कार्य निवृत्तीनंतरचे आहे. एका भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांनी वयाच्या पंचाहत्तरीनंतरही सोडली नाही. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी 56 फुटी ‘म्हादेई’ बांधली. ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघालेले दोंदे चार ठिकाणी थांबून मे 2010 मध्ये परतले. 2013 साली अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली आणि 2018 साली वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलातील सहा महिला ‘तारिणी’ घेऊन जगाला वळसा घालून आल्या. यांपैकी एकाही सफरीत आवटी नौकेवर नव्हते. आपण किनाऱ्यावर उभे राहून दुसऱ्याला खोल पाण्यात जाण्याचे बळ देणे, हेच तर शिक्षकाचे काम!

आता आपल्याकडे पाहू. आपला जिल्हा तलावांचा. कोहळ्यांनी बांधलेले मामा तलाव, गावोगावच्या बोड्या, नवेगावबांध, इटियाडोह, वैनगंगा आणि धानाच्या बांधीत उतरणारे सारस हे सर्व आपल्या विद्यार्थ्यांच्या अंगणात आहे. ढीवराच्या मुलाला पाण्याचा रंग पाहून खोली कळते. परंतु हे ज्ञान आपल्या गुणपत्रिकेत कोठेच उमटत नाही. शाळेत आल्यावर त्याला प्रथम सांगितले जाते, ‘तलावाकडे जाऊ नकोस.’

ही भीती निराधार नाही. बुडून मुले दगावतात आणि वसतिगृहाची जबाबदारी मोठी असते. परंतु पाण्यापासून दूर ठेवलेले मूल सुरक्षित होत नाही. ते केवळ अनभिज्ञ राहते आणि एखाद्या सुट्टीत चोरून पाण्यात उतरते. ज्या समाजाला पाण्याला स्पर्श करण्याच्या हक्कासाठी 1927 साली महाडला जावे लागले, त्याच्या नातवंडांना आज आपणच पाणी दुरून दाखवावे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला पटणारे नाही.

म्हणून या निमित्ताने माझे आग्रहाचे मत मांडतो. प्रत्येक निवासी शाळेत जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, जीवरक्षक जॅकेटसह, मुलामुलींना पोहणे शिकवावे. गावातील वृद्ध ढीवरास सन्मानाने शिक्षक म्हणून बोलवावे. महिन्यातून एक सकाळ पक्षी, झाडे आणि बांध यांच्या निरीक्षणासाठी राखून ठेवावी. यासाठी मोठा निधी लागत नाही. शिक्षकांची तयारी मात्र लागते.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी नौदलात जाईल की नाही, हे सांगता येत नाही. परंतु घराशेजारच्या तलावात निर्भयपणे उतरून सुखरूप बाहेर येणारे मूल जगात कोठेही गेले तरी बावरणार नाही. आवटी यांना आपल्या जिल्ह्याने वाहावयाची हीच खरी आदरांजली होय.