बोरघाटाचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवायचे ठरले आणि आमच्या घरी पहिला प्रश्न उभा राहिला तो आगगाडीचा. वाचक हसतील, पण वडिलांनी आणि मी १९८६ साली आठ फूट बाय चार फुटांच्या फळीवर उभारलेला हा बोरघाट आहे! साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा लोहमार्ग, प्लास्टरचे डोंगर. फळी जिन्याच्या वळणावर अडली.

"कापा," सौभाग्यवती म्हणाल्या.

करवत घेतली खरी, पण कापू कुठे? बोगद्याच्या तोंडाशी ओल्या प्लास्टरवर उमटलेला वडिलांच्या बोटाचा ठसा आहे. शेवटी स्टेशन कापले.

नव्या घरी दहा फुटांची भिंत मिळाली. खऱ्या बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. वडिलांनी तोच धरला होता. बोगदा तीन इंच उंचावर. म्हणजे चढालाच सव्वानऊ फूट! उरले नऊ इंच, त्यात एक डबाही उभा राहायचा नाही.

सौभाग्यवतींनी माझा कागद पाहिला आणि आपले कपाट दोन फूट सरकवायला लावले.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री गाडी निघाली. बोगद्याअलीकडे दमली. मागे दुसरे इंजिन जोडावे लागले, खऱ्या बोरघाटात जोडतात तसेच.