शाळागृहांच्या भिंतीतील चुना

करवीर संस्थानातील एकोणिसाव्या शतकातल्या शाळागृहांचा विषय निघाला की भवानी मंडपालगतचे राजाराम हायस्कूल प्रथम डोळ्यांपुढे येते. १८८० साली निघालेले राजाराम महाविद्यालय, ज्यात पुढे माधव जूलियन यांनी फार्सी व ना. सी. फडके यांनी तत्त्वज्ञान शिकविले, ते कालांतराने सागरमाळाकडे गेले. जुन्या इमारतीत शाळेचा राबता मात्र कायम राहिला. मेजर चार्ल्स मँट यांचा टाऊन हॉल आणि १८८४ मध्ये पुरा झालेला नवा राजवाडा यांची आमच्या व्यवसायात जितकी चर्चा होते, तितकी शाळागृहांची होत नाही. राजवाडा लोक पाहावयास जातात, शाळा नुसती वापरतात, हेच बहुधा त्याचे कारण.

ज्या वाचकांकडे अशा वास्तूंची डागडुजी येते, त्यांच्याशी आज आम्हांस दोन दगडांमधील सांध्याविषयीच बोलावयाचे आहे. पावसाळ्यात भिंतीत मुरलेले पाणी आश्विनाच्या उन्हात बाहेर पडू पाहते, आणि घट्ट काळ्या पाषाणातून त्यास वाट नसल्यामुळे ते मुख्यत्वे सांध्यातील चुन्यावाटेच निघते. तो चुना खरवडून तेथे सिमेंटचे दर्जे भरले, वर उठावदार रेघ ओढून काम चोख झाल्याचा दाखला ठेकेदाराने पदरात पाडून घेतला, की कोंडलेले पाणी आत वळते, गिलाव्यास फोड येतात, भिंतीत रुतलेली सागवानी तुळयांची टोके कुजू लागतात, आणि वर्गात ओल आली या सबबीवर पुन्हा सिमेंटच मंजूर होते.

दोष गवंड्याचा नाही. अंदाजपत्रकात जी बाबच नाही ती तो करणार कोठून? चुना विझवून मुरवावयाचा, घाणीत मळावयाचा, सावकाश सुकू द्यावयाचा, तर सवड हवी. आणि शाळेचे काम मे महिन्याच्या सुट्टीत उरकावे असा तगादा! तेव्हा चुन्याची तजवीज दिवाळीलाच करणे, आदल्या वर्षी नमुन्यादाखल वावभर भिंत भरून तिच्यावरून एक पावसाळा जाऊ देणे, आणि सिमेंटला स्पष्ट मनाई निविदेतच नमूद करणे, ही जबाबदारी वास्तुविशारदाची. (झरोके बुजवून खाली खोटे छत ठोकण्याच्या हौसेविषयी पुन्हा केव्हातरी.)

अशी शाळागृहे रिकामी करून तेथे संग्रहालये थाटावीत, ही सूचना आम्हांस मान्य नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडणाऱ्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणाऱ्या संस्थानाच्या शाळागृहात विद्यार्थीच असावेत, हे एक; शिवाय मुलांच्या वर्गातील गळती दुसऱ्याच दिवशी कळते, कुलूपबंद दालनातील कळावयास वर्ष लागते.

ज्यांनी चुन्याचे दर्जे भरून घेतले आहेत, त्यांनी मिश्रणाचे प्रमाण, लागलेला अवधी व प्रत्यक्ष खर्च आम्हांस कळवावा. तो मजकूर आम्ही अगत्याने छापू.