आधी काम, मग परवानगी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. कायद्याची भाषा जड जाते. पण ‘पूर्वपरवानगी’ हा शब्द कळतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना ती हवीच. १४ मार्च २०१७ ला केंद्राच्या पर्यावरण खात्याने नवी अधिसूचना काढली : विनापरवाना काम सुरू केलेल्यांनी सहा महिन्यांत अर्ज करावा! संसदेपुढे विधेयक नाही, काही नाही. खात्याचा एक कागद पुरला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक मताने तो निकालच मागे घेतला. बांधलेले पाडले तर जनतेचा पैसा बुडेल, हे बहुमताचे म्हणणे खोटे नाही. पण मित्रहो, डोंगर फोडून झाल्यावर जनसुनावणीत गावकऱ्यांना विचारायचे तरी काय? आमच्या वडिलांनी पडवी वाढवण्याआधी ग्रामपंचायतीत चार खेटे घातले होते.